फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत

"साहेब, आजचं प्रवचन लई भारी झालं," कोंडीबा गोर्डे माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला. "आभाळातल्या ताऱ्यांचं काय सांगितलं तुमी! येवढं कुठं लिव्हलेलं असतं?"

"शास्त्रातच आहे, कोंडीबा. बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात."

"असंल, असंल," म्हणत त्याने टोपी डोक्यावर ठेवली, काठी सावरली आणि चर्चच्या पायऱ्या उतरला. त्याचं घर फाटकाबाहेर, डाव्या हाताला. पण तो उजवीकडे वळला आणि गुडघा धरत धरत बोर्डिंगच्या स्वयंपाकघराकडे निघाला. त्याच्या मागोमाग राणदिवे गुरुजी आणि त्यांची बायको. त्यांच्या मागे आणखी दोघीजणी. मी पांढऱ्या झग्यात दारात उभा होतो, हात पुढे केलेला तसाच होता, आणि माझी मंडळी माझ्या डोळ्यांदेखत जाईबाईकडे चालली होती.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. सोनखेड्याला पाळक म्हणून येऊन मला दीड वर्ष झालं होतं. मंडळी लहान, साठेक घरांची. मिशन कंपाउंडात चर्च, माझा बंगला, मुलींची शाळा आणि शाळेतल्या ऐंशी मुलींचं बोर्डिंग. बोर्डिंगचा मॅनेजरही मीच. धर्मशिक्षणाच्या कॉलेजात प्रवचनाचं पहिलं बक्षीस मला मिळालं होतं, आणि हे मी आल्या आल्या पहिल्याच रविवारी, सहज विषय निघाला असं दाखवून, सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

जाईबाई पाटोळे बोर्डिंगची स्वयंपाकीण. पन्नाशीची विधवा, बुटकी, अंगाने वाळलेली. हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. अक्षरओळख नाही. एकुलता एक मुलगा दानीएल, चोवीस वर्षांचा, विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. हसतमुख पोरगा. माझ्या बंगल्याचा पंप त्याने दोनदा दुरुस्त करून दिला होता आणि दोन्ही वेळा "र्‍हाऊ द्या साहेब" म्हणून निघून गेला होता.

या बाईकडे लोक प्रार्थनेला जायचे. कुणाचं दुखणं, कुणाचं घरातलं भांडण, कुणाचा मुलगा परीक्षेला बसलेला. एकदा मी गुरुजींना विचारलं, "ती म्हणते तरी काय?"

"काही नाही हो," गुरुजी म्हणाले. "आपण सांगायचं. ती भाकरी थापता थापता ऐकते. मग हात थांबतात. डोळे मिटते, मिनिटभर. झालं."

"मोठ्याने काहीच म्हणत नाही?"

"छे. कधीकधी भाकरी देते."

"आणि गुण येतो?"

गुरुजी घुटमळले. "गुणाचं तसं नाही, साहेब. माझ्या भावाचं पोट दुखायचं ते दुखतंच. पण तिच्याकडून आलं की हलकं वाटतं खरं."

हे मला फार लागलं. ती चमत्कार करते असं कुणी म्हटलं असतं तर मी व्यासपीठावरून ते एका रविवारात मोडून काढलं असतं. पण ती काहीच करत नव्हती.

माझ्या अभ्यासाच्या खोलीची खिडकी बरोबर स्वयंपाकघरासमोर होती. प्रवचन लिहिता लिहिता मी मान वर करायचो आणि तिच्या दाराबाहेरच्या चपला बघायचो. कुणाच्या आहेत ते मला ओळखू यायला लागलं होतं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीच्या सेक्रेटरीचे बूट एकदा तिथे दिसले, त्या दिवशी मी जेवलो नाही. करुणाला, माझ्या बायकोला, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर मी 'देवाचं अपार थोरपण' या विषयावर सहा रविवारांची प्रवचनमाला धरली. ग्रंथ मागवले. तारे किती, समुद्र किती खोल, मुंगीच्या पायाला सांधे किती, सगळं काढलं. लोक ऐकायचे, माना डोलवायचे. जाईबाई अगदी मागे, दाराशी जमिनीवर बसायची, मधेच उठून चुलीकडे बघून येता यावं म्हणून. दहाव्या मिनिटाला तिची मान खाली यायची. पहाटे चारला उठणारी बाई ती. पण मला तेव्हा पहाट दिसत नव्हती. मला एवढंच दिसायचं, की मी देवाचं थोरपण सांगत असताना ती झोपते, आणि सांगून संपलं की लोक तिच्याकडे जातात.

एका दुपारी तर मी जळणाच्या ढिगाऱ्याआड उभा राहिलो. पाळक, झगा नाही पण पांढरा शर्ट घातलेला, लाकडांच्या आड! आत एक बाई रडत काही सांगत होती. मग रडणं थांबलं. मग काहीच नाही. मी श्वास धरून ऐकत होतो. एक शब्द नाही. पण त्या गप्प बसण्यात कुणीतरी आहे असं मला स्पष्ट जाणवलं. ज्याच्याविषयी मी तास तास बोलायचो, तो इथे, या धुरात, या अडाणी बाईपाशी येऊन बसत होता. माझ्या खोलीत नाही. मी काय कमी केलं होतं?

परातीत भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला तसा मी मागच्या मागे निघालो.

नाताळ होऊन गेल्यावरची गोष्ट. करुणा संध्याकाळी घरात आली आणि दिवा लावायला पाठमोरी वळली. तिच्या निळ्या पदरावर, खांद्याजवळ, ज्वारीच्या पिठाची पाच बोटं उमटली होती.

"कुठे गेली होतीस?" मी विचारलं.

तिने खांद्याकडे पाहिलं. पीठ झटकलं नाही. "जाईबाईकडे."

"कशाला?"

"बसायला."

आदल्या वर्षी आमची मुलगी जन्मून तीन दिवसांत गेली होती. त्याविषयी आम्ही बोलत नव्हतो. म्हणजे मी बोललो होतो. दफनाच्या वेळी मी स्वतः प्रार्थना केली होती, आणि ती किती सुंदर होती हे नंतर पुष्कळांनी सांगितलं होतं.

"बसायला म्हणजे रडायला," मी म्हणालो. "कधीपासून जातेस?"

"वर्ष झालं."

"मी इथे आहे, करुणा. तुझा नवरा. मंडळीचा पाळक. आपल्या घरात प्रार्थना होत नाही का?"

"होते."

"मग?"

तिने काडी विझवली. "तुम्ही प्रार्थना करता ती मंडळीसमोर उभं असल्यासारखी करता. आपण दोघंच असलो तरी. मला रडू येतं, पण मधेच तुमचं एखादं वाक्य इतकं छान येतं की मी रडायची थांबते."

ती हे रागाने बोलली असती तर मी भांडलो असतो. ती अगदी साधेपणाने बोलली आणि भात टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला: बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात बाहेरील व्यक्तींनी प्रवेश करू नये. खाली सही, हुद्दा आणि शिक्का.

जाईबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "साहेब, काय लिव्हलंय हो?"

"स्वच्छतेचं आहे. ऐंशी मुलींचं जेवण शिजतं इथे. बाहेरची माणसं येतात, खोकतात, शिंकतात. उद्या काही साथ आली तर जबाबदारी माझ्यावर येते."

"ते खरंय."

"आणि लोकांना सांगा, प्रार्थनेसाठी पाळकाकडे यायचं असतं. त्यासाठीच पाळक असतो."

"सांगते की," ती म्हणाली. "तेच बरं. तुमी शिकलेले. मला तरी कुठं काय येतंय."

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. बारकाईने शोधला. सापडला नाही, त्याचाही मला राग आला.

तिने सगळ्यांना सांगितलं असावं, कारण चपला दिसेनाशा झाल्या. माझ्याकडे मात्र कुणी आलं नाही. एक कोंडीबा आला, गुडघा घेऊन. मी त्याच्यासाठी वीस मिनिटं प्रार्थना केली. बायबलातल्या उत्पत्तीपासून सुरुवात करून मी संदेष्ट्यांपर्यंत आलो असेन, तेवढ्यात त्याने मधेच जोरात "आमेन" म्हटलं आणि उठला.

फेब्रुवारीतला बुधवार. सकाळचे साडेअकरा वाजले असतील. मी फाटकाशी पोस्टमनची वाट बघत होतो. शेजारच्या वस्तीवरचा एक गडी सायकल दामटत आला आणि फाटकाला सायकल टेकवायचंही त्याला सुचेना. ती तशीच टाकून तो माझ्यासमोर उभा राहिला. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

"पाळकसाहेब, दान्या…"

"काय झालं?"

"मोटार काढायला उतरला होता आमच्या मालकाच्या हिरीत. दहाच्या सुमाराला वरची कड खचली. समदी अंगावर आली त्याच्या. तासभर उकरलं आमी." त्याने चिखलाचे हात सदऱ्याला पुसले. "गेला, साहेब. त्याच्या आईला तुमीच सांगा. आमच्यात कुणाची छाती व्हईना."

"तू थांब इथे," मी म्हणालो आणि निघालो.

फाटकापासून स्वयंपाकघर चाळीस पावलांवर होतं. पहिली काही पावलं मला काहीच वाटलं नाही. मग तो पोरगा डोळ्यांसमोर आला, पंपाच्या खड्ड्यात वाकलेला, तोंडात पाना धरलेला. आणि त्याच्या मागोमाग, माझ्याच आत, एक दुसरी गोष्ट उठली. ती काय होती ते पुढे सांगेनच. तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं आणि चालत राहिलो. माझाच कागद दारावर होता. तो ओलांडून मी आत गेलो.

"या साहेब," जाईबाई चुलीपुढून म्हणाली. उठायला लागली.

"बसा. जाईबाई… दानीएलला अपघात झाला. विहिरीत कड कोसळली त्याच्यावर."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"तो गेला, जाईबाई."

तव्यावर भाकरी होती. तिने ती उलटली. मग काढून निखाऱ्यांपुढे धरली, फुगवली, टोपलीत टाकली. जाळ मागे ओढला. मग तिचे हात परातीत पडले आणि पिठात तसेच राहिले.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"दहाच्या सुमाराला."

"दहाला म्या हितंच होते," ती म्हणाली. जणू कुणीतरी तिला विचारलं होतं. मग तिने एकदाच, मोठ्याने, "दान्या" अशी हाक मारली, जशी जेवायला बोलवताना मारतात.

मी तिच्या तोंडाकडे बघत उभा होतो. धीर द्यायला हवा होता. मी बघत होतो.

दफनाला आजूबाजूच्या पाच गावांची माणसं आली. मी बोललो. चांगलं बोललो, आजही सांगतो, त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द वाकडा गेला नाही. बोलताना माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे जात होती. लोकांचीही. सगळ्यांना वाटत होतं की जाईबाई काहीतरी म्हणेल, डोळे मिटेल, तिच्यातलं ते जे काही आहे ते दिसेल. तिने मूठभर माती टाकली आणि करुणाच्या आधाराने मागे सरली. डोळे उघडेच होते. कोरडे.

पुढच्या रविवारी ती उपासनेला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बोर्डिंगच्या भाकऱ्या दुसऱ्या दोघी बायका करायला लागल्या. करुणा रोज दुपारी तिच्या खोलीवर जायची आणि परत येऊन काही सांगायची नाही.

"जाईबाईचं देवाशी तुटलं वाटतं," एक दिवस कोंडीबा दबक्या आवाजात म्हणाला. "काल मी गेलतो. म्हणलं, बाई, जरा डोळे मिटा माझ्यासाठी. नुसती बघत बसली."

आणि मग लोक माझ्याकडे यायला लागले. दुसरं कुणी नव्हतं म्हणून. व्हरांड्यात चपला दिसू लागल्या. गुरुजी आले, सेक्रेटरी आले. मी सगळ्यांसाठी प्रार्थना केल्या. तीन आठवडे हे चाललं. मला जे हवं होतं ते सगळं माझ्या दारात आलं होतं, आणि मी रात्रीचा अगदी गाढ झोपत होतो.

मार्चच्या मधल्या एका दुपारी करुणाने दार उघडलं आणि म्हणाली, "जाईबाई आल्यात. तुमच्याकडे." मग चहा ठेवायला आत गेली.

जाईबाई खुर्चीवर बसेना. मी आग्रह केला तेव्हा कडेला टेकली. महिन्याभरात ती आणखी वाळली होती.

"साहेब, एक काम होतं."

"बोला ना."

"मला देवाशी बोलता येईना झालंय. तसं आधी बी म्या काय बोलत नव्हते. पण बसता यायचं. आता बसले, डोळे मिटले, का दान्या दिसतो. तोंडात माती." तिने पदर तोंडाला लावला, पुन्हा काढला. "तुमी देवळात सांगत होता, तो केवढा मोठा हाय ते. ताऱ्यांचं, समुद्राचं. तवा म्या झोपायचे. खरं सांगते, लई झोप यायची. ते एकदा मला परत सांगा. आज न्हाई झोपणार."

सहाही प्रवचनं टेबलाच्या खणात होती. मला ती पाठही होती. मी घसा साफ केला. "जाईबाई," मी सुरुवात केली, "ज्याने पृथ्वीचा पाया घातला…"

ती ऐकत होती. दोन्ही हात मांडीवर पालथे, मान पुढे, शाळेतल्या पहिल्या दिवशीच्या मुलीसारखी. आणि माझ्या तोंडून पुढचा शब्द निघेना. मी पाणी प्यायलो. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबलो.

"माझ्याकडून नाही होणार," मी म्हणालो.

"का हो?"

"मला तुमचा हेवा वाटतो, जाईबाई. आल्यापासून वाटतो."

"माझा?" तिला खरंच कळलं नाही. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "माझ्याजवळ काय हाय?"

"लोक तुमच्याकडे येत होते. माझी बायकोसुद्धा. तो कागद मी स्वच्छतेसाठी लावला नव्हता." आता थांबणं शक्य नव्हतं. "आणि त्या दिवशी, दानीएलचं सांगायला मी फाटकापासून तुमच्याकडे येत होतो ना, तेव्हा माझ्या मनात आलं, आता बघू. आता हिचा विश्वास कसा टिकतो ते बघू. मला वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण त्याच्या खाली मला बरं वाटलं. तुम्ही उपासनेला यायच्या बंद झालात, तेव्हाही बरं वाटलं."

करुणा कप घेऊन दारात उभी होती. किती वेळची, कोण जाणे.

जाईबाई उठली. खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली होती. "माझं पोर मातीखाली होतं," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "अन् तुमाला बरं वाटलं."

"हो."

मला वाटलं ती मारेल. तिने मारलं असतं तर मी ते घेतलं असतं, आणि बहुधा त्यात मला सुटल्यासारखंही वाटलं असतं. तिने मारलं नाही.

"मला कशाला सांगितलंत?" ती ओरडली. तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "म्या केवढीशी! माझं मलाच झेपंना झालंय, त्यात हे कुठं ठिवू? माझ्यात न्हाई मावत हे, साहेब! तो मोठा हाय. त्याला सांगा!"

"सांगेन," मी म्हणालो.

"आत्ता सांगा. म्या हाय हितं उभी."

मी गुडघ्यांवर आलो. पाळक झाल्यापासून एवढ्या वेळा गुडघे टेकले होते, पण त्या दिवशी फरशी किती कठीण आहे हे समजलं. "देवा," मी म्हणालो, आणि एकही वचन आठवेना. "देवा, या बाईचा मुलगा मेला आणि मला बरं वाटलं. मी तिचं वाईट चिंतलं. मला तिच्या जागी असायचं होतं. मला… माझी मुलगी गेली तेव्हा मी रडलो नाही, मी भाषण केलं. मला काय करावं कळत नाही." एवढंच. शेवटी आमेन म्हणायचंही राहिलं.

वर पाहिलं तेव्हा जाईबाई दारापर्यंत गेली होती. "चहा र्‍हाऊ द्या, बाई," ती करुणाला म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

करुणाने कप टेबलावर ठेवले आणि माझ्याजवळ फरशीवर बसली. आणि मग ती रडली. आमच्या घरात, माझ्यासमोर, मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा. या वेळी मी प्रार्थना म्हटली नाही; तिचा हात धरून बसून राहिलो.

दिवेलागणीला मला उमगलं, की देव मोठा आहे हे ऐकायला ती बाई आली होती, आणि ते तिच्याच तोंडून निघालं होतं, माझ्यावर चिडून. तिच्या ते ध्यानात आलं की नाही, मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही.

दारावरचा कागद मी त्याच संध्याकाळी काढला. बदलीसाठी अर्ज लिहिला, करुणाने तो वाचला आणि म्हणाली, "पळून कुठे जाल? तिथेही कुणीतरी असेलच." अर्ज पाठवला नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, जाईबाई चर्चमध्ये आली. दाराशी, नेहमीच्या जागी बसली. ईस्टरनंतर पुन्हा चुलीपुढे बसायला लागली. मला बघून "सलाम साहेब" म्हणायची, एवढंच. त्याच्यापुढे एक शब्द नाही. एप्रिल गेला, मे गेला, शाळा सुरू झाली. हळूहळू लोक पुन्हा तिच्याकडे जायला लागले. मी खिडकीतून बघायचो. हेवा गेला होता असं म्हणालो तर ते खोटं होईल. कुणाच्या चपला आहेत हे मला अजून ओळखू येत होतं, आणि ते अजून टोचत होतं. फरक एवढाच की आता ते टोचलं की मी खिडकीतून उठायचो आणि ज्याला सांगायचं त्याला सांगायचो. कधीकधी दिवसातून तीनदा.

ऑगस्टमध्ये एक बाई आली. शेवंता नाव, विणकरांच्या आळीतली, तिशीची. व्हरांड्यातच उभी राहिली. मी आत बोलावलं तरी उंबऱ्याच्या आत एकच पाऊल टाकलं.

"जाईबाईनं धाडलंय," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "जाईबाईंनी? माझ्याकडे?"

"व्हय. म्या आधी त्यांच्याकडंच गेलते." ती नखाने दाराचा रंग खरवडत होती. "साहेब, माझ्या धाकट्या जावेला दिवस गेल्यात. लग्नाला वरीस न्हाई झालं तिच्या. मला बारा वर्सं झाली, न्हाई. ती चांगली हाय हो. मला ताई ताई करती. अन् माझ्या मनात येतं, तिचं पडावं. जिना उतरताना घसरावी. येतंच. म्या किती बी हाकललं तरी येतं." ती रडत नव्हती, तिला भीती वाटत होती. "हे जाईबाईला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, अन् म्हणल्या, असलं असंल तर पाळकसाहेबांकडं जा. त्यांना त्यातलं कळतं."

"आणखी काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. का, म्हणून इचारलं, तर बोलल्या न्हाईत. भाकरी थापायला लागल्या."

समोर स्वयंपाकघराच्या धुराड्यातून धूर निघत होता. मी खुर्ची ओढली, तिच्यासमोर ठेवली, आणि स्वतः दुसरीवर बसलो. ती बसली नाही.

"मला एवढंच सांगा, साहेब," शेवंता म्हणाली. "असलं मनात घेऊन म्या देवळात यावं का न्हाई?"

"या," मी म्हणालो. "मी दर रविवारी येतो."

तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली.